तळ्यातला गाळ, पाणपक्षी आणि हवामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उजनी जलाशयावर भिगवणच्या काठावर होडीची वाट बघताना, पुण्याजवळ कवडीपाटला रविवारी सकाळी पक्षी बघताना, शाळांमधल्या कार्यक्रमांत आम्हाला तेच तेच प्रश्न विचारले जातात. प्रश्न चांगले असतात, पण घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं. म्हणून ते सवडीने लिहून काढले आहेत. आम्ही पुण्यात राहून जुन्या तळ्यांच्या गाळावर काम करतो, म्हणजे त्या गाळात पाणपक्ष्यांचा आणि हवामानाचा जुना इतिहास शोधतो.

पक्षी मोजायला दुर्बीण आहे. गाळात हात कशाला घालायचे?

दुर्बिणीतून आजची पाखरं दिसतात, आजोबांच्या लहानपणची दिसत नाहीत. दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना आपल्याकडे १९८७ साली सुरू झाली. म्हणजे हाताशी जेमतेम चाळीस वर्षांचे आकडे, तेही प्रत्येक तळ्याचे नाहीत आणि सलग तर नाहीतच. त्याच्या मागे गेलं की नुसत्या याद्या सापडतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ साली प्रसिद्ध केली. तिच्यावरून कोणते पक्षी होते ते कळतं, किती होते ते कळत नाही.

हवामानाचा परिणाम शोधायला चाळीस वर्षं फार थोडी आहेत. हवामानशास्त्रात नुसती सरासरी काढायलाच तीस वर्षं धरतात. एवढ्या काळात मोठे दुष्काळ येऊन येऊन येणार किती? २०१२-१३ आणि २०१५-१६ सगळ्यांना आठवतात. पण दोन-चार दुष्काळांवरून कुठल्या पक्ष्याचं काय होतं याचा नियम सांगणं धाडसाचं ठरेल. १९७२ आपल्या घराघरात सांगितला जातो, पण त्या साली कुठल्या तळ्यावर किती पाखरं उतरली हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. तळ्याने मात्र ते आपल्या परीने साठवलेलं असू शकतं.

पक्षी तर उडून जातो. मग गाळात त्याचं उरतं काय?

शीट. सारंगागार, म्हणजे बगळे, करकोचे आणि पाणकावळे यांची एकत्र घरट्यांची वसाहत तुम्ही बघितली असेल, तर झाडाखालची चुना मारल्यासारखी पांढरी पानं आठवतील. पावसात ती शीट धुऊन पाण्यात जाते आणि तळाशी बसते. वर्षानुवर्षं हे चाललं की गाळाचा रासायनिक स्वभावच बदलतो.

सगळ्यात महत्त्वाची खूण नायट्रोजनची. नायट्रोजनचे अणू दोन वजनांचे असतात: बहुतेक सगळे १४ चे आणि अगदी थोडे १५ चे. अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की जड नायट्रोजनचं प्रमाण जरासं वाढतं. शेवाळापेक्षा किड्यात जास्त, किड्यापेक्षा माशात जास्त, माशापेक्षा पाणकावळ्यात जास्त. त्यात शीट उन्हात पडली की तिच्यातला अमोनिया उडून जातो, आणि जाताना हलका नायट्रोजन आधी नेतो. मागे राहतो तो आणखी जड. म्हणून मासे खाणाऱ्या पक्ष्यांची वसाहत ज्या तळ्यावर नांदली, तिथल्या गाळात ही खूण उठून दिसते.

बाकीचे साक्षीदारही आहेत. शिटेतून स्फुरद आणि जस्त येतं. पाण्याला एवढं खत मिळालं की खतावर वाढणारे डायटम फोफावतात. डायटम हे काचेच्या कवचाचं सूक्ष्म शेवाळ. पेशी मरते, पण कवच हजारो वर्षं टिकतं, आणि प्रत्येक जातीच्या कवचावरची नक्षी वेगळी असते. सूक्ष्मदर्शकाखाली ती बघताना भान हरपतं, हे अनुभवाने सांगतो. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर काम चालतं, त्यामुळे या विषयाची ओळख करून घ्यायला पुणेकरांना लांब जावं लागत नाही. शिवाय प्राण्यांच्या विष्ठेत कोलेस्टेरॉल असतं आणि वनस्पतींमध्ये त्याची वेगळी भावंडं असतात. दोन्हींचं गुणोत्तर काढलं की गाळात पानपाचोळा किती आणि प्राण्यांकडून आलेलं किती याचा अंदाज येतो.

यातला एकटा कोणीही विश्वासाचा नाही. तीन-चार साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, तरच आम्ही ती मानतो.

म्हणजे सगळ्याच पाणपक्ष्यांचा इतिहास असा वाचता येतो?

नाही. पट्टकदंब हंसांचं उदाहरण घ्या. हे हिमालय ओलांडून येतात, शेतातलं कोवळं पीक चरतात आणि पाण्यावर मुक्काम करतात. ते शेतातलं खत पाण्यात आणतात हे खरं, पण शाकाहारी असल्यामुळे जड नायट्रोजनची खूण त्यांच्याकडून फारशी मिळत नाही. रोहित पक्ष्यांची अडचण वेगळी. ते मोठ्या पाण्यावर पसरतात, जागा बदलतात, आणि उजनीसारख्या जलाशयात त्यांची शीट कुठल्या कुठे विरून जाते. गाळ बोलतो तो एका जागी दाटीने, वर्षानुवर्षं राहणाऱ्या पक्ष्यांबद्दल. आपल्याकडे म्हणजे चित्रबलाक करकोचे, बगळे, पाणकावळे.

कोअर काढतात म्हणजे नेमकं काय करतात?

दोन होड्या शेजारी शेजारी बांधायच्या, मध्ये फळ्या टाकायच्या, आणि फळ्यांच्या फटीतून एक पारदर्शक नळी सरळ उभी तळाशी उतरवायची. आत दट्ट्या असतो, त्याच्या ओढीमुळे गाळ नळीत जसाच्या तसा धरून राहतो. नळीतला गाळाचा हा उभा खांब म्हणजे कोअर. नळी खाली ढकलताना हाताला सगळं कळतं. सुरुवातीला काही लागतच नाही, कारण वरचा गाळ पेजेसारखा पातळ असतो. मग घट्ट दह्यातून चमचा जावा तसं जाणवतं. आणि मग नळी एकदम अडते. ती जुनी काळी माती, तळं होण्याआधी तिथे जे शेत किंवा माळ होता त्याची. तिथे आपला इतिहास संपतो.

नळी वर आली की दोन्ही तोंडं बंद करायची आणि ती उभीच ठेवायची. आमचा पहिला कोअर परतीच्या रस्त्यात गाडीत आडवा झाला. वरचा चारेक बोटं गाळ, म्हणजे नेमकी अलीकडची वर्षं, एकमेकांत कालवली गेली आणि दिवसभराची मेहनत वाया गेली. तेव्हापासून नळी मांडीत धरून बसायचं काम एकाला नेमून दिलेलं असतं.

प्रयोगशाळेत गाळ खालून हळूहळू वर ढकलतात आणि एकेक सेंटीमीटरची चकती कापतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो, कारण तळाशी प्राणवायू नसतो. तो वास आला की आम्हाला बरं वाटतं, कारण जिथे प्राणवायू नाही तिथे किडेमुंग्या गाळ उकरत नाहीत. एका चकतीत बाभळीच्या शेंगेचा तुकडा निघाला होता. दुसरीत माशाचं खवलं होतं, करंगळीच्या नखाहून लहान. पाण्याने धुतल्यावर ते दिव्याखाली चमकलं.

कुठली चकती कुठल्या वर्षाची, हे कसं कळतं?

गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांसाठी शिसे-२१० वापरतात. जमिनीतून रेडॉन वायू हवेत येतो, त्याचं रूपांतर होत होत हे किरणोत्सारी शिसं बनतं आणि पावसाबरोबर तळ्यात पडतं. दर २२ वर्षांनी ते निम्मं होतं. वरच्या थरात किती आणि खालच्या थरात किती हे मोजलं की वय काढता येतं. मोजण्याआधी नमुना हवाबंद डबीत तीन आठवडे ठेवावा लागतो. घाई करणाऱ्यांचं हे काम नाही.

जोडीला सीझियम-१३७ असतं. अणुचाचण्यांमुळे ते वातावरणात पसरलं आणि १९६३ च्या सुमारास सर्वात जास्त होतं, म्हणून ज्या थरात ते सर्वात जास्त तो थर त्या सुमाराचा. त्याहून जुन्या थरांसाठी कार्बन-१४, जो साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंत चालतो.

या सगळ्याला लोकांच्या आठवणींची जोड मिळाली तर फारच उत्तम. मोठा पूर आला की बारीक गाळावर वाळूचा जाडसर थर बसतो. पानशेत फुटलं ती १२ जुलै १९६१ ही तारीख जुन्या पुणेकराला विचारावी लागत नाही. मुठेच्या पुराचं पाणी जिथे शिरलं अशा जागी वाळूचा थर सापडला आणि आमचं गणित तो १९४० चा म्हणू लागलं, तर चूक गणिताची.

आणि हवामान? ते गाळात कुठे दिसतं?

त्याच चकतीत, आणि हीच या पद्धतीची खरी ताकद आहे. पक्ष्यांची खूण आणि पावसाची खूण एकाच सेंटीमीटरात शेजारी बसलेल्या असतात, त्यामुळे कालक्रम जुळवायची कटकट राहत नाही. पाणी उथळ झालं की तळावर वाढणारे डायटम जास्त, खोल झालं की तरंगणारे जास्त. जोराचा पाऊस जाड कण वाहून आणतो. झाडांचे परागकण आसपास झाडोरा होता की गवताळ माळ ते सांगतात.

महाराष्ट्रातला याचा सर्वांत मोठा दाखला लोणारचा. तिथे सुमारे १० मीटर लांबीचा कोअर काढला गेला, आणि त्यात गेल्या ११ हजार वर्षांचा पाऊसपाणी वाचता आला. दोन लांबलचक कोरडे काळ दिसले: एक आजपासून ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. पाणी आटून खारटपणा वाढला की गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक तयार होतात. त्या थरांमध्ये ते सापडले. दुष्काळ म्हटलं की आपल्याला दोन-तीन वर्षं आठवतात. इथे शतकंच्या शतकं कमी पावसाची गेली आहेत.

अलीकडच्या काळासाठी मोजलेला पाऊस हाताशी आहे. हवामान खात्याचं मुख्य काम १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आलं, आणि पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या झाडांच्या वाढकड्यांवरून जुना पाऊस शोधण्याचं काम झालं आहे. गाळाचं म्हणणं पडताळून बघायला एवढी सोय देशात थोड्याच शहरांत असेल.

हवामान बदलामुळे पाणपक्षी घटले, हे गाळातून सिद्ध होईल ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि इथेच आम्ही सर्वांत जास्त सावध असतो.

अंटार्क्टिकाजवळ आर्डली नावाचं बेट आहे. तिथल्या तळ्यात पेंग्विनांची शीट साठते. चिनी शास्त्रज्ञांनी तिथला कोअर काढून तीन हजार वर्षांचा पेंग्विनांचा इतिहास २००० साली मांडला. गाळातल्या स्फुरद, जस्त, फ्लोरिन अशा मूलद्रव्यांवरून त्यांना दिसलं की पेंग्विन सर्वांत कमी होते ते २३०० ते १८०० वर्षांपूर्वी, थंडी वाढलेल्या काळात. पाणपक्षी आणि हवामान यांचा गाळातून जोडलेला हा फार महत्त्वाचा धागा. या विषयात येणारा प्रत्येकजण तो वाचतोच.

मग २०१७ साली दुसऱ्या गटाने त्याच बेटावरचा, आणखी मागे जाणारा, सात हजार वर्षांचा गाळ वाचला. त्यांना वसाहत पाच वेळा वाढलेली दिसली, आणि त्यातल्या तीन वेळा ती जवळच्या डिसेप्शन बेटावरच्या ज्वालामुखीच्या राखेने उद्ध्वस्त झालेली दिसली. वसाहत पुन्हा नीट वसायला सरासरी ४०० ते ८०० वर्षं लागली. तापमान किंवा समुद्री बर्फ यांच्याशी पेंग्विनांच्या संख्येचं ठरावीक असं नातं त्यांना सापडलं नाही.

बेट तेच, पक्षी तेच. म्हणून पहिलं काम चुकीचं होतं असं कोणी म्हणत नाही. पण पक्षी कमी झाले त्याच काळात हवामान बदललेलं होतं, एवढ्यावरून हवामानाने पक्षी कमी केले असं म्हणता येत नाही, हे त्या बेटाने शिकवलं. मध्ये राख असू शकते. आपल्याकडे ज्वालामुखी नाही, जरी जुन्नर तालुक्यात बोरीजवळ कुकडीकाठी सुमात्राहून आलेल्या राखेचा थर बघायला मिळतो. आपल्याकडची राख वेगळ्या नावांची आहे: वाळूउपसा, सांडपाणी, मासेमारीचं जाळं, तोडलेली झाडं.

शिवाय पाणपक्षी हा काही एकच प्राणी नव्हे. उजनीचं पाणी खाली गेलं, पळसदेवचं जुनं देऊळ वर आलं, की उघड्या पडलेल्या चिखलावर शेकाटे आणि तुतवार आनंदाने चरतात. रोहितांनाही उथळ पाणीच हवं असतं. त्याच वर्षी गावतळ्याकाठच्या झाडावर घरटं करणाऱ्या चित्रबलाकाला पिल्लांसाठी मासे मिळत नाहीत. एकच दुष्काळ एकाला मेजवानी आणि दुसऱ्याला उपास. आणि थापट्या, तलवार बदक यांच्यासारखे हिवाळी पाहुणे कमी दिसले, तर कारण मध्य आशियातल्या त्यांच्या विणीच्या जागेत असू शकतं. किंवा ते यंदा जायकवाडीला किंवा नांदूर मध्यमेश्वरला उतरले असतील. एका तळ्याचा गाळ हे सांगू शकणार नाही. त्यासाठी बऱ्याच तळ्यांचे कोअर शेजारी ठेवून वाचावे लागतात, आणि त्यात जिथे पक्ष्यांची वसाहत कधीच नव्हती असं एखादं तळंही तुलनेला घ्यावं लागतं.

पुण्याच्या आसपास यासाठी चांगलं तळं कोणतं?

हवं ते एकाच ठिकाणी मिळत नाही. आम्हाला लहान तळं हवं, म्हणजे शीट विरून जाणार नाही. ते जुनं हवं. काठावर किंवा मध्ये बेटावर घरट्यांची झाडं हवीत. कधी पूर्ण आटलेलं नको, कधी उपसलेलं नको, आणि त्यात नाला सोडलेला नको.

दख्खनच्या पठारावर नैसर्गिक तळी जवळजवळ नाहीतच. लोणार उल्केच्या आघाताने झालं म्हणून आहे. आपली बाकीची सगळी माणसाने बांधलेली. कात्रजचं तळं नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं, म्हणजे वयाला उत्तम, पण शहराने त्याला चारी बाजूंनी घेरलंय. पाषाणला रामनदी सांडपाणी घेऊन येते. खडकवासला १८७९ चं, पण १९६१ ला पानशेतच्या लोंढ्याने तेही फुटलं तेव्हा तळाचा गाळही जागचा हलला असणार. उजनी फार मोठं आणि फार तरुण.

भिगवणजवळचा भादलवाडीचा तलाव मला स्वतःला सर्वांत आशादायक वाटतो. ब्रिटिश काळातला, लहानसा, आणि झाडांवर चित्रबलाकांची वसाहत. अडचण उन्हाळ्याची. आपली काळी माती वाळली की तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. तळं आटलं की वरचा ताजा गाळ त्या भेगांत पडतो, पाऊस आला की भेगा मिटतात, आणि २०१६ ची माती १९८० च्या शेजारी जाऊन बसते. शिवाय गाळ उघडा पडला की त्यातले सेंद्रिय अवशेष हवेने कुजतात. म्हणून अशा तलावात नळी घालायची ती सर्वांत खोल डोहात, जिथे शेवटचं पाणी राहतं. ती जागा गावातला माणूसच दाखवू शकतो.

सांडपाण्यातही नायट्रोजन असतो. मग पक्षी आणि पुणे शहर यांत फरक कसा करणार?

अगदी वर्मावरचा प्रश्न. सांडपाण्यामुळेही गाळातला जड नायट्रोजन वाढतो, आणि मुळा-मुठेतून पुणे-पिंपरीचं पाणी भीमेत, तिथून उजनीत जातं. उसाला टाकलेलं खतही वाहून येतं. नुसता नायट्रोजन बघणारा माणूस शहराच्या वाढीलाच पाणकावळ्यांची वाढ समजून बसेल.

इथे कोप्रोस्टॅनॉल उपयोगी पडतं. हे माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंमुळे तयार होतं आणि पक्ष्यांच्या शिटेत जवळजवळ नसतं. नायट्रोजन वाढला आणि त्याबरोबर कोप्रोस्टॅनॉलही वाढलं, तर ती मंडळी आपण आहोत. नायट्रोजन, जस्त आणि कोलेस्टेरॉल वाढलं पण कोप्रोस्टॅनॉल जागेवर राहिलं, तर पक्ष्यांचा विचार करता येतो. तरीही उजनीत मी हा प्रयोग करायला धजणार नाही.

मग शेवटी आकडा मिळतो का? अमुक साली पाचशे चित्रबलाक होते, असा?

मिळत नाही. आधीपेक्षा जास्त की कमी, आणि बदल हळू झाला की अचानक, एवढं मिळतं. वरच्या थरांची १९८७ नंतरच्या गणनेशी तुलना करून अंदाज आणखी धारदार करता येतो.

गाळातून पक्ष्यांचा डीएनए काढता येत नाही का?

थंड प्रदेशातल्या तळ्यांत चांगला टिकतो. आपल्या कोमट पाण्यात तो लवकर तुटतो. प्रयत्न करावा, भिस्त ठेवू नये.

आमच्या गावतळ्यातला गाळ शेतात टाकायला काढतात. ते चूक आहे का?

चूक अजिबात नाही. पोयटा पडला की हलक्या रानाचं काय सोनं होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको, आणि तळ्याची साठवणही वाढते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ साली आली ती याचसाठी. तळं पाण्यासाठी बांधलंय, आमच्या अभ्यासासाठी नाही.

विनंती एवढीच आहे. एप्रिल-मेमध्ये जेसीबी उतरण्याआधी एकदा कळवा. नळी घालून बाहेर काढायला एक सकाळ पुरते. एका जुन्या तलावावर आम्ही सगळी परवानगी काढून पोचलो, तेव्हा आदल्या आठवड्यात तळ खरवडून स्वच्छ झालेला होता. काठावर ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा होत्या आणि शेजारच्या रानात शंभर वर्षांचा गाळ ढिगांनी पडला होता, वरचा खाली, खालचा वर. दुसरं असं की खोल डोहातला खोलीभर तुकडा न उपसता ठेवता आला तर ठेवा. उन्हाळ्यात शेवटचं पाणी तिथेच राहतं, मासळीही तिथेच तग धरते.

आम्हाला काही मदत करता येईल?

हो, आणि ती फार मोलाची असते. जानेवारीच्या गणनेला या, एकच तळं धरा आणि दरवर्षी तेच मोजा. सारंगागार असेल तर झाडागणिक घरटी मोजून वहीत तारखेसकट लिहा. घरात तळ्याचे जुने फोटो असतील तर मागच्या बाजूला साल घाला, कारण पाण्याची पातळी फोटोत आयती मिळते.

आणि गावातल्या सर्वांत वयस्क आजी-आजोबांना विचारून ठेवा: तळं पार कोरडं पडलं ती सालं कोणती, भेगा कुठपर्यंत होत्या, आणि पाणी सर्वांत शेवटी कुठल्या कोपऱ्यात उरलं होतं. नळी आम्ही तिथेच घालू.